इतिहास मेजर: प्रवेशाची अट आणि दप्तराची अट

बारावीनंतर बी.ए.ला इतिहास मेजर घ्यायचा तर काय लागतं? निकाल लागला की गेवराई, माजलगाव, परळी, आष्टी अशा सगळीकडून हा प्रश्न येतो. अधिकृत उत्तर एका ओळीत संपतं: बारावी पास. शाखा कोणतीही चालते. अकरावी-बारावीला इतिहास होता का, हेसुद्धा कुणी विचारत नाही.

अट इतकी सोपी असल्यामुळे आपल्याकडे एक समज पक्का झालाय. सायन्सला जमलं नाही, कॉमर्स नको, मग आर्ट्स. आणि आर्ट्समध्ये एमपीएससीला उपयोगी पडतो म्हणून इतिहास. मी स्वतः संख्याशास्त्रात एम.एस्सी. केली. पीएच.डी.चा विषय मराठवाड्यातल्या पावसाच्या आणि टंचाईच्या जुन्या नोंदी. त्यामुळे माझे बरेच दिवस अभिलेखागारात, इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या शेजारच्या टेबलावर जातात. तिथं बसून एक गोष्ट स्पष्ट दिसते. इतिहासाला दोन अटी आहेत. एक प्रवेशाची, म्हणजे कॉलेजच्या खिडकीवर लागणारी. दुसरी दप्तराची, म्हणजे कागदाचं बासन सोडल्यावर लागणारी. पहिली अट माहितीपत्रकात छापलेली असते. दुसरी कुठंच छापलेली नसते, आणि बहुतेकांना ती कळते तेव्हा पीएच.डी.ची नोंदणी झालेली असते.

या दोन अटी बीड जिल्ह्यात शंभर वर्षांत एकमेकींपासून कशा दूर गेल्या आणि आज त्याचा हिशोब कसा चुकता करायचा, ते या लेखात बघू.

आजची प्रवेशाची अट

आधी नियम. बीड जिल्ह्यातली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. राज्यातल्या संलग्नित कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झालं. त्यात एक मेजर विषय, एक मायनर, शिवाय कौशल्य, भाषा, क्षेत्रप्रकल्प वगैरेंची क्रेडिट्स असतात. तीन वर्षांत साधारण १२० ते १३२ क्रेडिट्स झाली की पदवी मिळते. चौथं वर्ष केलं की १६० ते १७६ क्रेडिट्स आणि ऑनर्स. 'संशोधनासह ऑनर्स' हवं असेल तर यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिट्सचा संशोधन प्रकल्प करावा लागतो.

आता पुढची गोष्ट नीट वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेला विद्यार्थी एम.ए. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरतो. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत आहे. म्हणजे केजचा किंवा वडवणीचा मुलगा बाविसाव्या वर्षी संशोधक म्हणून उभा राहू शकतो.

ऐकायला छान आहे. पण पूर्वी बी.ए. तीन वर्षं आणि एम.ए. दोन वर्षं अशी पाच वर्षं हातात असायची. मोडी शिकायची, इंग्रजी सुधारायची, एखादं दप्तर बघून यायचं, हे सगळं त्या शेवटच्या दोन वर्षांत व्हायचं. थेट जाणाऱ्याच्या हातात तो वेळच नाही. दप्तराची अट मात्र जागची हललेली नाही.

शंभर वर्षांपूर्वी खिडकीवर काय विचारत

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानात उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं १९१८ साली. तिथं सगळे विषय उर्दूतून शिकवत आणि इंग्रजी ही सक्तीची भाषा होती. देशी भाषेतून विद्यापीठाचं सगळं शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पाठ्यपुस्तकं तयार करायला भाषांतराची वेगळी संस्थाच काढली होती, दारुल तर्जुमा. इतिहासाचे ग्रंथही तिथं उर्दूत झाले.

पण बीडच्या मराठी घरातल्या मुलाच्या बाजूनं बघा. घरात मराठी, बाजारात मराठी, आणि पदवीसाठी इतिहास शिकायचा तर उर्दू. खिडकीवरची पहिली अट भाषेचीच. म्हणून तर हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांना इथल्या माणसांच्या मनात एवढं मोठं स्थान आहे. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही शाळांत शिक्षक होते, हे लक्षात घ्या. आपल्या भाषेत शिकायला मिळणं हा तेव्हा राजकीय प्रश्न होता. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, आणि त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. प्रवेशाची अट अशी भाषेची होती आणि निष्ठेचीही होती.

तरी त्या काळाचा एक उलटा परिणाम झाला. जो विद्यार्थी या चाळणीतून बाहेर पडे, त्याला आपल्या जिल्ह्याचे सरकारी कागद वाचता येत. संस्थानाचा कारभार आधी फारसीत होता आणि १८८० च्या दशकात तो उर्दूवर आला. म्हणजे कॉलेजची भाषा आणि कचेरीची भाषा एकच. सेतुमाधवराव पगडी हे याचं ठळक उदाहरण. जन्म १९१० चा, निलंग्याचा. हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत गेले. फारसी आणि उर्दू उत्तम, शिवाय नोकरी आदिवासी भागात झाली तेव्हा गोंडी आणि कोलामीही शिकले. पुढं महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे ते संपादक झाले. मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं मराठी वाचकापर्यंत आणण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. निलंग्याच्या या माणसाला ते जमलं, कारण दप्तराची अट त्यांनी तरुणपणीच पूर्ण केली होती.

दार उघडलं, आणि एक खिडकी बंद झाली

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशी मुलं तिथं पदवीधर झाली. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. तालुक्याच्या गावी कॉलेजं आली. इतिहास मराठीतून शिकता येऊ लागला. हे व्हायलाच हवं होतं, आणि त्याचं मोल कमी लेखण्याचं काही कारण नाही.

फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. माध्यम बदललं, पण कपाटातले कागद बदलले नाहीत. ते उर्दूत, फारसीत आणि मोडीतच राहिले. एका पिढीत अशी अवस्था आली की बीडमधला इतिहासाचा पदवीधर फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं मराठीत सुरेख लिहितो, आणि घरातला आजोबांच्या काळचा कागद मात्र त्याला उलटा धरला की सुलटा तेही सांगता येत नाही. यात त्या पदवीधराचा दोष नाही. त्याला ही दुसरी अट कुणी सांगितलीच नव्हती.

दप्तराची अट म्हणजे नेमकं काय

आता थोडं सविस्तर बघू, कारण 'स्रोत महत्त्वाचे' असं नुसतं म्हणून काही कळत नाही.

पहिली गोष्ट, लिपी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत आणि हात शक्यतो उचलत नाहीत. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, पण दोन वेगवेगळ्या कारकुनांची अक्षरं वाचता यायला महिने लागतात. उर्दूचंही तसंच. छापील पुस्तक वाचता आलं म्हणून कचेरीचा कागद वाचता येत नाही, कारण तो बऱ्याचदा शिकस्ता वळणात असतो, म्हणजे घाईचं, मोडलेलं, नुक्ते गाळलेलं अक्षर. मराठवाड्यात इनाम जमिनीच्या वादात 'मुंतखब' हा शब्द आजही ऐकू येतो. गावातल्या कितीतरी लोकांना मुंतखब म्हणजे काय ते माहीत असतं, पण तो वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट, कालगणना. हैदराबादच्या कागदांवर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, असं ढोबळ सूत्र आहे. १३१७ फसलीचा हैदराबादचा जमीन महसूल कायदा म्हणूनच १९०७ चा धरतात. पण संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढं ५९१ धरावे लागतात. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख १३५७ फसलीत येते. माझ्या कामात हा फरक जीवघेणा आहे. जून ते सप्टेंबरचा पाऊस एका फसली सालाच्या शेवटी पडतो आणि तो हुकला की टंचाईची नोंद होते पुढच्या फसली सालात. सूत्र डोळे झाकून लावलं तर दुष्काळ आणि त्याचं कारण यांची ताटातूट होते.

हिजरीचं आणखी वेगळं. ते वर्ष चांद्र, ३५४-३५५ दिवसांचं. त्यात ठराविक आकडा मिळवून भागत नाही. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवले की जवळपासचं इसवी सन येतं. एक घरचं उदाहरण घ्या. बीडची खजाना विहीर निजामशाहीत सलाबतखानानं बांधली असं सांगतात आणि सोबत 'हिजरी ९९१, म्हणजे १५८२' अशी जोडी वाचायला मिळते. गणित करून बघा. हिजरी ९९१ हे साल जानेवारी १५८३ मध्ये सुरू होतं. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. मग मूळ नोंद कोणती? कुणी कुठून उचलली? एवढ्या एका वर्षाच्या फरकावरून खरा शोध सुरू होतो, आणि तो करायला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट, नावं. ब्रिटिशकालीन इंग्रजी ग्रंथांत बीड 'भीर' या स्पेलिंगनं येतं. अंबाजोगाई निजामकाळात मोमिनाबाद होतं. धारूर मुघल कागदांत फतेहाबाद होतं. आजचं नाव टाकून सूची शोधली तर 'काही सापडलं नाही' हेच उत्तर येणार, आणि विद्यार्थी प्रबंधात लिहून मोकळा होणार की या विषयावर साधनं उपलब्ध नाहीत.

चौथी गोष्ट, पुरावा तोलणं. 'विवेकसिंधु'कर्ते मुकुंदराज अंबाजोगाईचे, त्यांची समाधी इथं आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ग्रंथातली अंबानगरी म्हणजे विदर्भातलं वैनगंगेकाठचं आंभोरा, असं मानणारे अभ्यासकही आहेत. ग्रंथाच्या काळाबद्दलही वाद आहे. आपल्या गावाबद्दलचा दावा परक्या गावाच्या दाव्याइतक्याच थंड डोक्यानं तपासता येणं, ही मला वाटतं सगळ्यात अवघड पात्रता. ती कुठल्याच क्रेडिटमध्ये मोजत नाहीत.

२०२३ साली काय झालं

हे सगळं फक्त संशोधकांच्या उपयोगाचं आहे, असं कुणाला वाटत असेल तर २०२३ आठवा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसील, भूमी अभिलेख, शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरं असं सगळं दप्तर बाहेर निघालं. आणि मग लक्षात आलं की हे वाचणार कोण? मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लाखो कुटुंबांचं लक्ष ज्या कागदांकडे लागलं होतं, ते वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाची बाजू घेणं हा या लेखाचा विषय नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं मात्र त्यातली दुसरी गोष्ट बघावी. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पारावर पोचला. गॅझेट म्हणजे राजपत्र, सरकारी आदेश छापणारं. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याचं वर्णन करणारा ग्रंथ. 'इम्पीरियल गॅझेटियर'च्या मालिकेत हैदराबाद संस्थानाचा खंड १९०९ साली निघाला. त्यात जिल्ह्यातल्या जातींचे एकगठ्ठा आकडे मिळतात, माणसांची नावं मिळत नाहीत. एखाद्या माणसाची नोंद बघायची तर गावपातळीचा कागद लागतो. कोणत्या कागदाला कोणता प्रश्न विचारता येतो, हे इतिहासाचं पहिलं कौशल्य. त्या काळात ते जिल्ह्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर लागलं असतं. ते सांगायला आपले इतिहासाचे पदवीधर किती पुढं आले?

चार वर्षांचा हिशोब

मग प्रवेश घेतलेल्यानं करायचं काय? मला विचाराल तर असं.

पहिल्या वर्षी एक लिपी धरा. एकच. मोडी किंवा उर्दू. दोन्हींच्या मागं लागलात तर एकही येणार नाही. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे छोटे वर्ग घेतो. उर्दूसाठी बीड, अंबाजोगाई, परळीत उर्दू शाळा आहेत आणि शिकवायला तयार असलेले शिक्षकही भेटतात. रोज अर्धा तास, वर्षभर.

मायनर निवडताना मित्र काय घेतोय ते बघू नका. तुमच्या कॉलेजात जे मिळतं त्यातलं भूगोल, अर्थशास्त्र, उर्दू, संख्याशास्त्र यापैकी काही जमत असेल तर घ्या. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. जुन्या आहत नाण्यांची वजनं करून, वापरानं ती किती झिजली याचा त्यांनी संख्याशास्त्रानं हिशोब मांडला आणि त्यातून नाण्यांच्या काळाबद्दल बोलायची एक नवी वाट काढली. १९५६ साली आलेल्या त्यांच्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरच्या पुस्तकानं हा विषय शिकवायची पद्धत बदलली. बारावी सायन्स करून इतिहासाकडे येणाऱ्यानं कमीपणा मानायचं कारण नाही. तराजू घेऊनच या.

दुसऱ्या वर्षी इंग्रजी. नेटची इतिहासाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठीत शिका, मराठीत लिहा, पण वाचायला इंग्रजी लागतंच. आठवड्याला एक प्रकरण वाचायचं आणि त्याचा सारांश मराठीत एका पानात लिहायचा. दोन्ही भाषा सुधारतात.

तिसऱ्या वर्षीचा क्षेत्रप्रकल्प वाया घालवू नका. वेरूळची सहल म्हणजे क्षेत्रप्रकल्प नव्हे. आपल्याच गावाचं १९५४-५५ चं खासरा पत्रक बघा, शाळेचं सगळ्यात जुनं प्रवेश रजिस्टर बघा, वेशीतली किंवा देवळातली शिळा बघा. अंबाजोगाईत तर यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्याशी जोडलेले शिलालेख आहेत. नोंद घेताना कागदावर जे साल आहे ते तसंच लिहा, शेजारी इसवी सन लिहा, आणि कचेरी, फाईल क्रमांक, पान हे त्याच क्षणी लिहा. घरी गेल्यावर आठवत नाही.

चौथ्या वर्षाच्या आधी एकदा तरी छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात जाऊन या. जमलं तर हैदराबादलाही. तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे दीड लाखांवर फारसी कागद आहेत. वाचता येणार नाहीत, माहीत आहे. तरी बघून या. आपल्याला काय येत नाही याचा अंदाज घरी बसून येत नाही.

जे दप्तर अजून तयारच झालेलं नाही

शेवटी एक गोष्ट राहते, आणि बीडसाठी तीच सगळ्यात मोठी आहे. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, गावं ओस पडतात, आणि पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, 'उचल' म्हणजे हंगामाआधी घेतलेली रक्कम, हे शब्द इथल्या पोरांना शिकवावे लागत नाहीत. पण कोणत्या गावातून पहिली टोळी कधी गेली? १९७२ च्या दुष्काळानं त्यात काय बदललं? उचल कशी वाढत गेली, फिटली किती, फिरली किती? याची उत्तरं हैदराबादच्या कपाटात नाहीत. ती मुकादमाच्या वहीत आहेत, जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावरच्या दिवाळीनंतरच्या रिकाम्या रकान्यांत आहेत, आणि साठी ओलांडलेल्या बायकांच्या आठवणींत आहेत.

इथं मोडी लागत नाही, फारसी लागत नाही. मुलाखत घ्यायची पद्धत लागते, परवानगी घेण्याची रीत लागते, हिशोबाची वही वाचता यावी लागते, आणि समोरच्या बाईनं मोकळेपणानं बोलावं असं नातं लागतं. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला ही शेवटची अट पूर्ण करायला दोन वर्षं लागतील. शिरूर किंवा पाटोद्याच्या मुलीला ती जन्मतः मिळालेली आहे. शंभर वर्षांत पहिल्यांदाच असा विषय समोर आहे की प्रवेशाची अटही आपण पूर्ण करतो आणि दप्तराचीही.

फक्त घाई करा. मुकादमाची वही हंगाम संपला, हिशोब मिटला की चुलीत जाते किंवा रद्दीत. यंदा टोळ्या परत आल्या की तुमचं दुसरं किंवा चौथं सेमिस्टर संपत आलेलं असेल. आपल्या गल्लीतल्या मुकादमाकडे जा, जुन्या वह्या आहेत का विचारा, आणि दिल्या तर परवानगीनं पानन् पान मोबाईलवर टिपून ठेवा. पहिल्या फोटोच्या आधी एका कागदावर गाव, साल आणि वही कुणाची ते लिहायला विसरू नका.